औषध मंजूर, माणूस नामंजूर



वस्तीत माणूस मेला की कारण विचारायची आपल्यात पद्धत नाही. "छातीत कळ आली अन् गेला" एवढ्यावर मयत उचलली जाते. बाई असली तर आणखी सोपं. "पहिल्यापास्नं अशक्तच हुती" म्हणायचं आणि तिरडी बांधायला घ्यायची. हे पहिल्यापासून म्हणजे नेमकं कधीपासून, ते कुणी विचारत नाही. मी विचारलं. एका माणसाच्या बाबतीत मला ते महिन्यानिशी सापडलं. ती माझी धाकटी बहीण. ती जिवंत आहे, म्हणून हे रडगाणं नाही. हिशेब आहे.

१९९६ चा पावसाळा. पिंपरीच्या अंगाला, नाल्याकाठी, दहा बाय दहाची पत्र्याची खोली. आत आम्ही सातजण. रात्री कूस बदलायची तर सगळ्यांनी एकदम बदलायची. बहीण दहा वर्षांची. तिचा घसा धरला, गिळता येईना, अंग तापलं. आईने हळद-मिठाच्या गुळण्या दिल्या. चार दिवसांत घसा मोकळा झाला आणि पोरगी हंडा घेऊन पुन्हा नळावर उभी. संपलं, असं आम्हाला वाटलं. तीन आठवड्यांनी तिचा उजवा गुडघा सुजला. हात लावू देईना. दोन दिवसांनी गुडघा उतरला आणि घोटा धरला, मग मनगट. दुखणं अंगात फिरत होतं. आई म्हणाली, "वाताचं हाय." शेजारची म्हातारी म्हणाली, "बाहेरचं हाय." नाक्यावरचा डॉक्टर म्हणाला, "वाढतं वय आहे, हाडं दुखायचीच." त्याने टेबलापलीकडून गोळ्या लिहून दिल्या. पंधरा दिवसांत दुखणं पळालं. डॉक्टर हुशार ठरला.

त्याने तिच्या छातीला नळी लावली असती तर कदाचित त्याच दिवशी ऐकू आलं असतं. नाही लावली. का नाही लावली ते मी लिहीत नाही. ते टेबल किती रुंद असतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

अकरा वर्षं गेली. लग्न झालं, दिवस गेले. सातव्या महिन्यात तिला आडवं झोपता येईना. पाठीला वळकटी लावून ती रात्रभर बसून राहायची. चार पायऱ्या चढली की धापा टाकायची. बाया म्हणाल्या, पहिलटकरीण आहे, होतं. खोकल्यातून रक्ताचा धागा आला तेव्हा तिला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या एका तरुण डॉक्टरीणबाईने छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि विचारलं, "लहानपणी हिचे सांधे सुजले होते का? एकामागून एक?"

आई माझ्याकडे बघायला लागली. अकरा वर्षांपूर्वीचा गुडघा त्या बाईला कसा दिसला?

दिसला, कारण हे नवं दुखणं नाही. डॉक्टरकीच्या पुस्तकात ते शंभर वर्षांपासून आहे. घसा धरतो तो बहुतेक वेळा व्हायरसने, आणि तो आपसूक जातो. पण काही वेळा घशात स्ट्रेप्टोकोकस नावाचा जंतू असतो. शरीर त्याच्याशी लढायला फौज उभी करतं. तिलाच आपण प्रतिकारशक्ती म्हणतो. गोम अशी की ह्या जंतूच्या अंगावरचे काही तुकडे आणि आपल्या हृदयातले काही तुकडे यांची ठेवण एकमेकांसारखी असते. काहीजणांच्या फौजेला त्यातला फरक कळत नाही. जंतू संपला तरी ती हत्यार खाली ठेवत नाही. सांध्यांवर, हृदयाच्या झडपांवर तुटून पडते. दंगल आवरायला आलेले पोलीस आपल्याच वस्तीची दारं फोडतात, तसं. सांधे भरून येतात. झडपा भरून येतीलच असं नाही. त्या जाड होतात, एकमेकींना चिकटतात, रक्ताची वाट अडते. आणि प्रत्येक नव्या घशानिशी तोच मार पुन्हा बसतो.

म्हणजे रोग जंतूचा, आणि रोग शरीराच्या बचावाचाही. सांधे आणि ताप असेपर्यंत डॉक्टर त्याला रूमॅटिक फीव्हर म्हणतात. झडपा गेल्या की रूमॅटिक हार्ट डिसीज. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात साडेपाच कोटी माणसं असं मोडलेलं हृदय घेऊन जगतायत आणि दरसाल साडेतीन लाखांवर मरतात. बहुतेक गरीब मुलखांतली, आणि त्यातही बाया जास्त. आपल्या वस्तीतल्या "पहिल्यापास्नं अशक्त" बायांपैकी किती ह्यात होत्या, ते आता जळून गेलंय.

आता मुद्द्याचं. ह्यावर औषध आहे. कालपरवाचं नाही, सत्तर वर्षांचं जुनं. जगात मंजूर, देशात मंजूर. पेनिसिलिन.

१९२८ मध्ये लंडनला अलेक्झांडर फ्लेमिंगला बुरशीत त्याचा माग लागला. ऑक्सफर्डच्या फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी त्यातून टोचण्याजोगं औषध काढलं. १९४१ च्या फेब्रुवारीत ते एका साध्या पोलीस शिपायाला दिलं. अल्बर्ट अलेक्झांडर त्याचं नाव. मरायला टेकलेला माणूस चार-पाच दिवसांत सुधारला. पण औषध थोडं होतं. त्याच्या लघवीतून पेनिसिलिन गाळून काढून पुन्हा त्यालाच टोचलं. तेही संपलं. मार्चमध्ये शिपाई मेला. औषध लागू पडलं नाही म्हणून नाही मेला. पुरलं नाही म्हणून मेला. तेव्हा युद्ध चालू होतं आणि जगात पेनिसिलिन तेवढंच होतं. ते मी समजू शकतो.

१९५० मध्ये अमेरिकेतून निष्कर्ष आले. वायोमिंगमधल्या वॉरेन नावाच्या लष्करी तळावर घसा धरलेल्या सैनिकांना वेळेत पेनिसिलिन दिलं, तर पुढचा रूमॅटिक ताप टळला. बराकीत कोंबलेले सैनिक आणि खोलीत कोंबलेले आम्ही, जंतूला दोन्ही सारखेच. त्यानंतर लगेच बेन्झाथिन पेनिसिलिन आलं. हे एकदा टोचलं की अंगात आठवडेच्या आठवडे हळूहळू झिरपत राहतं. ज्याला एकदा हा ताप येऊन गेला त्याला दर तीन-चार आठवड्यांनी बारा लाख युनिटचं इंजेक्शन, वर्षानुवर्षं. नवा घसा नाही म्हणजे झडपेला नवा मार नाही. युगांडात ८१८ पोरं निवडली. त्यांच्या झडपांना नुकती इजा झालेली, पण त्रास अजून सुरू झालेला नाही. निम्म्यांना इंजेक्शन दिलं, निम्म्यांना नाही. २०२१ मध्ये निकाल आला. दोन वर्षांत इंजेक्शन घेणाऱ्यांत शंभरात एकापेक्षाही कमी पोरांचा रोग वाढला, न घेणाऱ्यांत शंभरात आठांचा.

आणखी एक ऐका. टीबीच्या जंतूने औषधं पचवली, मलेरियाने पचवली. घशातला हा जंतू ऐंशी वर्षं झाली तरी पेनिसिलिनपुढे अजून मान टाकतो. म्हणजे औषध आहे, ते चालतं, जंतूची तक्रार नाही. मग अडलं कुठे?

बहिणीची चिकटलेली झडप मांडीतून नळी घालून, फुगा फुगवून मोकळी केली. ती वाचली, पोरगी वाचली. घरी सोडताना केसपेपरवर लिहून दिलं: बेन्झाथिन पेनिसिलिन, बारा लाख, दर २१ दिवसांनी, न चुकता. "न चुकता" खाली दोन रेघा. मी तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवला. मला वाटलं, एवढीशी गोष्ट, कुठेही मिळेल.

पहिला मेडिकलवाला म्हणाला, "नाही." दुसरा म्हणाला, "येत नाही आता." तिसरा जरा खरं बोलला: "ह्यात आमाला सुटतं काय भाऊ? अन् कंपनी पाठवील तवा ना." चौथ्याने फळीवरची एक महाग गोळ्यांची पट्टी काढून पुढे केली, "हे घ्या, ह्याच्यापेक्षा भारी." दवाखान्याच्या खिडकीवर पाटी होती, "स्टॉक नाही, बाहेरून घ्या." बाहेर म्हणजे कुठे, ते पाटीवर नव्हतं. मी बसने पुण्यात जायचो, पेठांमधल्या घाऊकवाल्यांची दारं धरायचो. मिळाल्या तर दोन-तीन कुप्या एकदम आणायच्या. नाही मिळाल्या तर २१ चे ४० दिवस व्हायचे. कधी तीन महिने व्हायचे.

ही बस कुठून जायची ते सांगतो. मुंबई-पुणे रस्त्याने, पिंपरीत, हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या फाटकासमोरून.

हा केंद्र सरकारचा अँटिबायोटिकचा पहिला कारखाना. १९५४ मध्ये कंपनी उभी राहिली, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेची मदत झाली, १९५५ पासून पेनिसिलिन बाहेर पडायला लागलं. विचार सरळ होता. हे औषध परदेशी कंपनीच्या भावाने घ्यायचं नाही, देशाने स्वतः करायचं. नुसतं बाटल्या भरायचं काम नव्हतं तिथे. १९६१ मध्ये तिथल्या थिरुमलाचार यांच्या चमूने हमायसिन हे बुरशीवरचं नवं औषध शोधलं. ते ज्या जंतूपासून काढलं त्याच्या नावात त्यांनी पिंपरी घातली. स्ट्रेप्टोमायसिस पिम्प्रिना. आपल्या गावाच्या मातीचं नाव विज्ञानाच्या वहीत गेलं. शाळेत आम्हाला हे कुणी शिकवलं नाही.

मग १९९० नंतर बाजार खुला झाला. चीनमधून पेनिसिलिनचा कच्चा माल इतका स्वस्त यायला लागला, की देशातल्या कारखान्यांनी एकामागून एक पेनिसिलिन-जी बनवणं सोडून दिलं. सरकारी कारखाना त्याच दशकात आजारी म्हणून नोंदला गेला. २०१६ च्या डिसेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याची जादा जमीन विकायचा आणि कंपनीतली मालकी सोडायचा निर्णय घेतला. रस्त्याकडेच्या जमिनीला भाव आला होता, औषधाला नव्हता. आणि ज्या कच्च्या मालावर घसा, सिफिलिस, धनुर्वात, न्यूमोनियाची औषधं उभी, त्यासाठी एवढा मोठा देश दुसऱ्याच्या बंदराकडे बघत बसला. २०२० मध्ये कोरोनात बंदरं थंडावली तेव्हा सरकारला घाम फुटला. पेनिसिलिन-जी देशात बनवणाऱ्याला पैसे देऊ, अशी योजना काढली. त्यातून २०२४ मध्ये काकिनाड्याला एका खासगी कंपनीचा कारखाना सुरू झाला. चांगलं झालं. पण १९५५ मध्ये जे आपल्या मालकीचं होतं, ते सत्तर वर्षांनी बक्षीस लावून परत आणावं लागलं, ह्याला प्रगती म्हणायचं की काय, ते अर्थतज्ज्ञांनी सांगावं.

कुणी म्हणेल, हे भारताचंच रडं आहे. नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत ह्याच बेन्झाथिनचा तुटवडा पडला. तिथे ते पुरवणारी मोठी कंपनी एकच. त्यांनी फ्रान्सचं इंजेक्शन आणायला खास परवानगी दिली. जगातलं बेन्झाथिनचं कच्चं औषध बनवणारे कारखाने एका हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. त्यातला एक खोकला की सगळं जग आजारी. फरक एवढाच की अमेरिकेत ती बातमी झाली. आपल्याकडे पाटी लागली, "बाहेरून घ्या."

आता भावाचं. कंपन्या म्हणतात, सरकारने किंमत बांधून ठेवली म्हणून आम्हाला परवडत नाही. ह्यात खोटं नाही. राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत नाव गेलं की कमाल किंमत सरकार ठरवतं. २०२४ च्या ऑक्टोबरात सरकारने आठ जुन्या औषधांची कमाल किंमत एकदम निम्म्याने वाढवली. त्यात बेन्झिल पेनिसिलिन होतं, टीबीचं स्ट्रेप्टोमायसिन होतं. कारण हेच, की परवडत नाही म्हणून उत्पादन बंद करायचे अर्ज येत होते. मी वाढीच्या विरुद्ध नाही. फळीवर नसलेल्या स्वस्त औषधापेक्षा दहा रुपये महाग पण असलेलं औषध बरं. पण ह्याचा अर्थ नीट समजून घ्या. ज्या औषधात नफा आहे ते बनतं. ज्यात नाही ते बनत नाही. माणसाला त्याची गरज किती, हा प्रश्न ह्या हिशेबात कुठेच येत नाही. मग ज्या औषधाला बाजार हात लावत नाही, ते बनवायचं काम कुणाचं? घटनेच्या ४७ व्या कलमात लोकांचं आरोग्य सुधारणं हे राज्याचं आद्य कर्तव्य म्हणून लिहिलंय. नफा उरला तर करा, असं तिथे लिहिलेलं नाही.

आणि औषध मिळालं म्हणजे सुटलो असंही नाही. टोचणार कोण?

मी बहिणीला घेऊन, खिशात कुपी घेऊन, दारोदार हिंडलोय. ह्या भांड्यात दूध मिळेल का, असं विचारत हिंडावं तसं. "पेनिसिलिन? नाय बाबा. रिअ‍ॅक्शन आली तर?" एका डॉक्टरने कुपी हातात घेतली, नाव वाचलं आणि तापलेल्या तव्यासारखी टेबलावर ठेवली. एकाने कागद पुढे केला, मेली तर जबाबदारी आमची असं लिहून द्या. बहीण तिथेच उभी होती. तिच्यासमोर.

त्यांची भीती सगळीच खोटी नाही. पेनिसिलिनची जबर अ‍ॅलर्जी येते, माणूस दगावतो. डॉक्टरला मार बसतो, दवाखाना फुटतो. पण भीतीचं माप काढलेलं आहे. वेगवेगळ्या देशांतल्या १,७९० रोग्यांना दिलेल्या ३२,४३० इंजेक्शनांचा हिशेब १९९१ मध्ये छापून आला. जबर रिअ‍ॅक्शन चार. मृत्यू एक. आणि २०२२ मध्ये अमेरिकेच्या हृदयरोग संघटनेने सांगितलं, की इंजेक्शननंतर दगावलेल्यांत अ‍ॅलर्जीपेक्षा आधीच पार खचलेलं हृदय हे कारण जास्त संभवतं. अशा रोग्यांना सुईऐवजी गोळ्यांचा विचार करा. बाकीच्यांना पाणी पाजून, आडवं झोपवून टोचा, थोडा वेळ नजरेखाली ठेवा. हाताशी अ‍ॅड्रेनॅलिन ठेवा. तेही जुनं आणि स्वस्त. म्हणजे एक खाट, एक शिकलेली सिस्टर, दोन कुप्या आणि थोडा वेळ. ह्यातलं काय आपल्या देशाला परवडत नाही? न टोचल्याने जो मरतो त्याचा मृत्यू मात्र कुठल्याच डॉक्टरच्या नावावर चढत नाही. तो घरी मरतो. वळकटीला टेकून. म्हणून न टोचणं सगळ्यांना सोयीचं.

शेवटी एका महानगरी दवाखान्यातल्या सिस्टर भेटल्या. केरळच्या. नाव नाही लिहीत, त्यांना त्रास नको. त्यांनी कुपीत पाणी सोडलं, तळव्यात धरून हलवली, जाड सुई लावली. ते औषध दुधासारखं पांढरं, सुईत गोठतं. घाई केली की अडकतं आणि औषध वाया जातं. बहीण दात आवळून पालथी पडली. सिस्टर म्हणाल्या, "हळू देते हां, दुखेल पण चुकवू नको." पुढे नऊ वर्षं त्या एका बाईच्या हातावर माझी बहीण जगली. त्यांची बदली झाली की आमचे २१ दिवस पुन्हा ४० व्हायचे.

चुकलेले डोस झडपेने लिहून ठेवले. २०१६ मध्ये ती झडप पुरती गेली आणि बदलावी लागली. पैसे सरकारच्या योजनेतून मिळाले. तेव्हा तिला राजीव गांधींचं नाव होतं, पुढल्या वर्षी महात्मा फुल्यांचं झालं. मी ह्या योजनेला शिव्या देणार नाही. ती नसती तर आज बहीण नसती. पण हिशेब बघा. लाखाच्या घरातली शस्त्रक्रिया मंजूर. धातूची झडप मंजूर. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा ह्या सरकारी संस्थेने तर देशी झडप तयार केली आणि १९९० मध्ये पहिल्या माणसाला बसवलीसुद्धा. म्हणजे मनात आलं तर सरकारला झडप बनवता येते. आणि जिच्यामुळे झडप बदलायची वेळच आली नसती, ती काही रुपयांची कुपी खिडकीवर नाही. छाती फाडायला पैसा आहे, छाती फाटू नये म्हणून नाही. कारण शस्त्रक्रियेचा फोटो निघतो. एकविसाव्या दिवशी निमूट टोचून घेतलेल्या सुईचा निघत नाही.

आता झडप टिकटिक वाजते. रात्री खोलीत ऐकू येते. रक्त पातळ ठेवायची गोळी रोज, रक्ताची तपासणी वरचेवर. आणि सुई चालूच. नवी झडप बसली तरी बाकीच्या झडपा जुन्याच आहेत.

आता औषधापलीकडचं एक सांगतो. डेन्मार्कसारख्या देशांत ह्या रोगाचा जोर पेनिसिलिन यायच्या आधीच ओसरायला लागला होता. कशाने? माणसांना राहायला जागा मिळाली, एका खोलीतली डोकी कमी झाली, पोटात अन्न गेलं. म्हणजे ह्या रोगावरचं पहिलं औषध घर आहे. ते कुठल्याच देशाच्या औषध नियंत्रकाने मंजूर केलेलं नाही. ज्यांना गावात वेशीबाहेर ठेवलं, त्यांना शहरात नाल्याकाठी ठेवलं. सातजण एका खोलीत झोपवले. मग जंतू आला तर म्हणतात, ह्या लोकांना स्वच्छता कळत नाही. आरं, आमच्या आईने ती खोली रोज शेणाने सारवली. खोलीच्या भिंती तिला लांब नेता आल्या नाहीत.

काही मित्र म्हणतील, हे काय दवाखान्याचं लिहीत बसलास, आपला लढा मोठा आहे. माझं म्हणणं, लढणाऱ्याची झडप धड पाहिजे. मोर्चात चार पावलं चालून खाली बसणारी बाई मी बघितली आहे. ती भित्री नव्हती.

म्हणून ह्या मागण्या. शहरात, तालुक्यात, जिथे असाल तिथे आरोग्य अधिकाऱ्याच्या टेबलावर नेऊन आपटा.

एक. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि महानगरी दवाखान्यात बेन्झाथिन पेनिसिलिन बारमाही असलं पाहिजे. किती कुप्या आल्या, किती उरल्या, ते बाहेरच्या फळ्यावर लिहा.

दोन. टोचणं नाकारता येणार नाही. सिस्टरला शिकवा, खाट द्या, अ‍ॅड्रेनॅलिन द्या. नीट काळजी घेऊन टोचणाऱ्याच्या पाठीशी सरकारने उभं राहावं आणि आपणही. सिस्टरवर हात उगारणारा आपला माणूस नाही.

तीन. शाळेतल्या पोरांची छाती तपासा. २०१३ मध्ये ह्याच महाराष्ट्रात, पालघरला, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं उद्घाटन झालं. त्याच्या यादीत हा हृदयरोग नावानिशी आहे. यादीतलं नाव पोराच्या छातीपर्यंत न्या. ज्याला रोग आहे त्याचं नाव वहीत लिहा. एकविसाव्या दिवशी आला नाही तर त्याच्या घरी जा.

चार. ज्या औषधात नफा नाही ते सरकारने स्वतः बनवावं. पिंपरीची जमीन विकायची नाही, वापरायची.

पाच. घर.

वस्तीतल्या आयाबहिणींना वेगळं सांगतो. प्रत्येक घशाला अँटिबायोटिक घेऊ नका, मेडिकलवाल्याच्या मनाने तर नाहीच. नाक वाहतंय, खोकला आहे, तर बहुतेक वेळा तो जातो. पण खोकला-सर्दी काही नाही, ताप आहे, गिळताना दुखतंय, गळ्याच्या गाठी सुजल्यात, तर पोराला दवाखान्यात न्या. आणि सांधे एकामागून एक सुजले तर "वाढतं वय" म्हणणाऱ्याचं ऐकून घरी येऊ नका.

गेल्या पावसाळ्यात माझ्या पोरीचा घसा धरला. ती नऊ वर्षांची. मी बॅटरी घेऊन तिच्या घशात बघत होतो आणि माझाच हात हलत होता. दवाखान्यात डॉक्टर म्हणाला, "सर्दी आहे, व्हायरल आहे." बरोबर असेल त्याचं. मी म्हणालो, "छाती तपासा." तो म्हणाला, "गरज नाही." मी म्हणालो, "तपासा." मागे रांग होती, लोक कुरकुरत होते. मी हललो नाही. शेवटी तो खुर्चीतून उठला, टेबलाला वळसा घालून ह्या बाजूला आला आणि त्याने पोरीच्या छातीला नळी लावली. दोन मिनिटं ऐकलं. "क्लिअर आहे," म्हणाला. पोरगी चार दिवसांत बरी झाली.

बहिणीचा पुढचा डोस मंगळवारी आहे. काल तिने विचारलं, "दादा, मंगळवार हाय नव्हं?" मी म्हणालो, आहे. फडताळात एक कुपी आहे. मंगळवारचं भागेल. त्यापुढच्या २१ दिवसांची कुपी अजून मिळालेली नाही.